विजेचं पान आधी वाचा

हवामानावरचं एखादं चांगलं, सोपं पुस्तक सांगा, असं मला अजूनही लोक विचारतात. भाजी घेताना विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसल्यावर विचारतात. मी नाशिकच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, हे त्यांना माहीत असतं. मी पुस्तकाचं नाव सांगत नाही. मी सांगते, दुकानात जा, हवामानावरचं जे पुस्तक हाताला येईल ते उघडा आणि विजेवरचं पान काढून वाचा. ते पान चुकलं असेल तर पुस्तक कितीही देखणं असो, खाली ठेवा. विचारणारा हसतो. मी हसत नाही.

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना आधीच कळवलं की सगळी नोकरी लिहिणार नाही. वाचनालयात कपाटं पुष्कळ होती. मी एकाच फळीबद्दल लिहिणार आहे, आणि ती फळीही कधी पूर्ण भरलेली नव्हती. पण माझं नाव जे काही झालं आणि जे काही खराब झालं, ते त्या फळीमुळे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्रंथपालाचं काम पुस्तकं देणं-घेणं. ते काम सोपं आहे. अवघड काम आहे पुस्तक निवडणं. एखादी कादंबरी वाईट निघाली तर वाचक दोन दिवस वैतागतो आणि परत आणून टाकतो. विज्ञानाचं सोपं पुस्तक वाईट निघालं तर वाचकाला ते कळतच नाही. तो विश्वास ठेवतो. वाचनालयाचा शिक्का बघून जास्तच ठेवतो. आणि निवडणारी मी कोण? मराठी घेऊन एम. ए. झालेली, पुढे ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिलेली बाई. मेघ मला कवितेतले माहीत होते.

आमच्या वाचनालयातून जिल्ह्यातल्या काही शाळांना पुस्तकांच्या पेट्या जायच्या. पत्र्याची पेटी, कुलूप, आत चाळीसेक पुस्तकं. तीन-चार महिन्यांनी पेटी परत यायची आणि दुसरी जायची. सुरगाणा तालुक्यातल्या डोंगरातल्या एका शाळेत गावित गुरुजी म्हणून शिक्षक होते. ते स्वतः एसटीने यायचे, पेटी टपावर चढवायचे आणि परत न्यायचे. एका वर्षी त्यांनी हवामानावर काहीतरी द्या म्हणून चिठ्ठी पाठवली होती. मार्च महिना होता. अनुदान संपायच्या आत खरेदी उरकायची घाई असते, तशी होती. विक्रेत्याने एक अनुवादित पुस्तक पुढे केलं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं, मुखपृष्ठावर जांभळ्या आकाशात फुटलेली वीज. मी चार पानं चाळली, ढगांची नावं मराठीत नीट दिलेली दिसली, आणि पुस्तक पेटीत टाकलं. विजेवरचं पान मी वाचलं नाही.

पावसाळ्यात गुरुजी पेटी न घेता आले. हातात फक्त ते पुस्तक होतं. समोर बसले, पाणी प्यायले आणि एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथे एका चौकटीत लिहिलं होतं की पायात रबरी तळव्याची पादत्राणं असली तर विजेपासून संरक्षण मिळतं.

गुरुजींनी ते पान वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. एका मुलीने घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणजे हिराबाई. भात लावणीचे दिवस होते. ढग गडगडायला लागले तेव्हा बाकीच्या बाया शेत सोडून गावाकडे पळाल्या. हिराबाईच्या म्हशी वर माळावर होत्या. एरवी ती त्यांना सोडून घरी आली असती. त्या दिवशी तिने पायात रबरी चप्पल घातली आणि म्हशी आणायला माळावर गेली. वीज जवळच पडली. दोन म्हशी जागच्या जागी मेल्या. हिराबाई फेकली गेली. वाचली, पण पाय भाजले आणि एका कानाचा पडदा फाटला.

गुरुजींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. ते म्हणाले, चूक माझी, मी वाचून दाखवलं. मी म्हटलं, पुस्तक मी निवडलं.

मी पुढच्या रविवारी त्यांच्या गावी गेले. हिराबाई पडवीत बसली होती, पायाला पट्ट्या. मी तिच्या ज्या बाजूला बसले त्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने मला हाताला धरून दुसऱ्या बाजूला बसवलं. मी कोण, हे गुरुजींनी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "पुस्तकात लिव्हेल होतं ना, बाई?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. पुस्तकात लिहिलेलं असूनही असं का झालं, हे तिला समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, पुस्तकात चुकीचं लिहिलं होतं. पुस्तकात चुकीचं असू शकतं, हे तिला नवीन होतं. खरं सांगायचं तर, इतक्या स्पष्टपणे मलाही नवीन होतं.

परत आल्यावर मी जे केलं ते आता लिहून टाकते. ते पुस्तक मी बाद केलं. बाद पुस्तकांच्या नोंदवहीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'जीर्ण'. चार महिन्यांपूर्वी घेतलेलं, कोऱ्या करकरीत कागदाचं पुस्तक, आणि कारण जीर्ण. खरं कारण लिहिलं असतं तर कार्यकारिणीत विचारणा झाली असती, निवड कोणाची म्हणून. मी घाबरले. ती माझ्या हातची एकमेव खोटी नोंद.

त्यानंतर मी पाटणकर काकांना गाठलं. काका आमचे जुने सभासद. ओझरच्या विमानतळावर त्यांनी आयुष्यभर हवामानाच्या नोंदी ठेवल्या होत्या. वाचनालयात ते रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे आणि हवामानाच्या बातमीखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढायचे. वर्तमानपत्रावर लिहिल्याबद्दल मी त्यांना दोनदा बोलले होते. आता मीच त्यांच्यापुढे वही घेऊन बसले.

काकांनी पहिल्याच दिवशी रबराचा निकाल लावला. म्हणाले, "वैशाली, हवेतून वीज जात नाही, बरोबर? तरी ती दोन-तीन मैल हवा फोडून खाली येते. तिला तुझ्या चपलेचं अर्धा इंच रबर काय अडवणार?"

इतकं सोपं होतं. मला शाळेत कोणी असं सांगितलं नव्हतं, आणि त्या रंगीत पुस्तकाच्या लेखकालाही बहुधा नाही.

महिनाभर दुपारच्या वेळी काकांनी मला हवामानाची पुस्तकं वाचायला शिकवलं. हवामान नव्हे, हवामानाची पुस्तकं. ते म्हणायचे, विजेचं पान आधी काढ, कारण तिथली चूक जिवावर बेतते आणि आळशी लेखक नेमका तिथेच ऐकीव गोष्टी लिहितो. उघड्यावर कुठलीच जागा सुरक्षित नाही, झाडाखाली तर नाहीच, गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, एवढं साधं लिहिलेलं असेल तर पुढे जा. मग अंदाजाचं प्रकरण काढ. अंदाज का चुकतो, किती दिवसांपुढचं सांगता येत नाही, हे लेखक कबूल करतो का ते बघ. जो म्हणतो सगळं सांगता येतं, त्याला काहीच माहीत नाही. आणि शेवटी बघ, पुस्तक कुठल्या आकाशाबद्दल बोलतंय. आपल्याकडे इगतपुरीत पावसाने भिंतींना शेवाळ चढतं आणि त्याच दिवशी चांदवडला धूळ उडत असते. एकाच जिल्ह्यात असं का, याचं उत्तर ज्या पुस्तकातून निघतं ते आपल्या कामाचं. बर्फात पाय घसरू नये म्हणून काय करावं हे वाचून आपण काय करणार?

या कसोट्या घेऊन मी दुकानं पालथी घातली. बरीच पुस्तकं पहिल्याच पानावर नापास झाली. शेवटी एक बारकं पुस्तक सापडलं. निवृत्त मुख्याध्यापकाने लिहिलेलं, हलका कागद, हाताने काढलेल्या काळ्या-पांढऱ्या आकृत्या, मुखपृष्ठावर मातकट रंगाचा एक ढग. विजेचं पान चोख. गारेचा आकार सांगताना बोराएवढी, लिंबाएवढी असं लिहिलेलं. आणि अंदाजाच्या प्रकरणात एक वाक्य होतं की याच्या पुढचं आम्हाला ठाऊक नाही. त्या वाक्यासाठी मी ते पुस्तक घेतलं. प्रत्येक पेटीसाठी एक प्रत मागितली, तेव्हा खरेदी समितीतल्या एकाने मुखपृष्ठ बघून विचारलं की हा ढग आहे का बटाटा. मी म्हटलं, तुम्ही आतलं वाचा.

ते पुस्तक गावित गुरुजींच्या शाळेत गेलं. त्यांनी विजेचं पान मोठ्या अक्षरात लिहून व्हरांड्यात लावलं. पुढच्या लावणीत हिराबाईनेच बायांना पहिल्या गडगडाटाला शेतातून उठवून शाळेच्या खोलीत आणून बसवलं, असं गुरुजींनी मला सांगितलं. कोणी कुरकुर केली तर ती आपले पाय दाखवायची.

अशी बरीच वर्षं गेली. माझी नोकरी संपायला दोन वर्षं राहिली असताना आमच्या अध्यक्षांनी ते दुसरं पुस्तक आणलं.

अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणायचो. पिंपळगावकडचे मोठे द्राक्ष बागायतदार. मनाने चांगला माणूस. वाचनालयाचं गळकं छप्पर त्यांच्यामुळे दुरुस्त झालं, बायकांसाठी वेगळी बसायची खोली त्यांच्यामुळे झाली. माझ्या मुलीच्या आजारपणात ते रोज फोन करायचे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना खलनायक करणं सोपं आहे आणि ते खोटं आहे.

आपल्या भागात मोबाइलवर पावसाचे अंदाज सांगणारे एक गृहस्थ तेव्हा फार प्रसिद्ध झाले होते. लोक त्यांना पाऊसवाले सर म्हणायचे. एका वर्षी त्यांनी सांगितलेल्या आठवड्यात गारपीट झाली, अण्णांनी त्यांचं ऐकून बागेवर वेळेवर आच्छादन टाकलं होतं, त्यांचा माल वाचला. तेव्हापासून अण्णांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास. सरांनी पुस्तक काढलं. वर्षभराचं हवामान, तालुकावार, दिवसवार. अण्णांनी त्याच्या प्रती वाचनालयाला आणि सगळ्या पेट्यांसाठी भेट दिल्या आणि त्या सरांच्याच हस्ते अर्पण करण्याचा कार्यक्रम ठरवला.

गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी विजेचं पान काढलं. सरांनी लिहिलं होतं, कमरेला तांब्याचा तुकडा बांधावा आणि पायात रबरी चप्पल असावी.

मी त्या पानाला खूण घातली. मग अण्णांकडे गेले आणि सांगितलं की हे पुस्तक पेट्यांमधून जाणार नाही. अण्णांना आधी वाटलं मी थट्टा करते. मग ते म्हणाले, "वैशालीताई, भेट आलेली आहे. नोंद करा आणि फळीवर लावा. एवढंच तुमचं काम आहे."

ठीक. नोंद करणं माझं काम होतं, ते मी केलं. फळीवर लावणंही माझं काम होतं, तेही केलं. आता जरा धंद्यातली गोष्ट सांगते. पुस्तकाच्या पाठीवर खाली एक पांढरी चिठ्ठी असते, तिच्यावर आकडा असतो. त्या आकड्याने पुस्तकाचं कपाट ठरतं. हवामानाचा आकडा ५५१. फलज्योतिषाचा १३३. निवडलेल्या पुस्तकाला पैसे मंजूर करायचे की नाही हे कार्यकारिणी ठरवते, देणगी स्वीकारायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात. पण पुस्तक कशाबद्दल आहे हे ग्रंथपाल ठरवतो. सरांनी प्रस्तावनेतच लिहिलं होतं की आपले सर्व अंदाज ग्रहांच्या युती आणि नक्षत्रं यांवरून काढले आहेत. मी त्यांचा शब्द प्रमाण मानला. सगळ्या प्रतींवर १३३ लिहिलं आणि हस्तरेषांच्या शेजारी लावल्या.

कार्यक्रमाला गर्दी चांगली होती. हार-तुरे झाले, भाषण झालं आणि सर म्हणाले, चला, आपलं पुस्तक विज्ञानाच्या कपाटात बघू. फोटो काढणारे पुढे झाले. विज्ञानाच्या कपाटात पुस्तक नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. सर त्या कपाटापर्यंत गेले, आजूबाजूची पुस्तकं वाचली आणि परत आले. फोटो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी एका ओळीचं उत्तर दिलं: लेखकाने प्रस्तावनेत स्वतः सांगितलेल्या विषयानुसार वर्ग दिला आहे. हे उत्तर उद्धट आहे असं कार्यकारिणीचं मत पडलं. ते होतंच.

प्रकरण वार्षिक सभेत गेलं. सभासद मंडळींत बागायतदार, शिक्षक, निवृत्त मंडळी. एकाने उठून विचारलं की सरांनी गारपीट बरोबर सांगितली होती, ते कसं? पाटणकर काका काठी टेकत उभे राहिले. त्यांनी सरांच्या पुस्तकातले फेब्रुवारी आणि मार्च महिने पेन्सिलने खुणा करून आणले होते. निफाड, दिंडोरी, चांदवड, कुठला ना कुठला तालुका जवळजवळ रोज गारपिटीच्या यादीत होता. काका म्हणाले, "जो रोज गार सांगतो, त्याची एखादी खरी निघणारच. बाकीच्या दिवशी काय झालं ते विचारा." थोडं हसू झालं. पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं की हवामान राहू द्या, एका पानावरून एवढा तमाशा कशासाठी? चपलेचं लिहिलं तर लिहिलं. त्याने कोणाचं काय बिघडणार आहे?

तेव्हा माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप्प बसले असते तर काकांच्या बोलण्यावर सभा कदाचित माझ्या बाजूने गेली असती. पण अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते माझ्याशिवाय त्या सभागृहात कोणाकडेच नव्हतं. मी बाद नोंदवही कपाटातून आणली. पान उघडलं. हिराबाईचं सगळं सांगितलं. तेच वाक्य माझ्या हाताने निवडलेल्या पुस्तकात होतं, हे सांगितलं. आणि नोंदीत 'जीर्ण' लिहिलंय ते खोटं आहे, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं की आता लोकांना कळेल. काहींना कळलं. पण कार्यकारिणीतल्या एकाने लगेच मुद्दा उचलला की बाईंनी स्वतः चुकीचं पुस्तक निवडलं, वर दप्तरात खोटी नोंद केली, आणि या आम्हाला शिकवणार? मुद्दा बिनचूक होता. मी एवढंच म्हटलं की होय, म्हणूनच मला माहीत आहे.

ठराव झाला की पुस्तक विज्ञानाच्या कपाटात हलवावं. पेट्यांचा विषय मात्र अण्णांनी स्वतःच मतदानाआधी मागे घेतला. हिराबाईचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. पण सरांना ते शब्द देऊन बसले होते, वाचनालयातल्या प्रतींबद्दल त्यांना माघार घेता येईना. मला ठरावानुसार चिठ्ठ्या बदलायला सांगण्यात आलं. मी म्हटलं, ठराव तुमचा आहे, अक्षर माझं मिळणार नाही. मग खोट्या नोंदीच्या कारणावरून माझ्याकडून ग्रंथखरेदी आणि वर्गीकरण काढून घेतलं आणि मला वर्तमानपत्र विभागात बसवलं. नोकरीची शेवटची दीड वर्षं मी सकाळी वर्तमानपत्रं दांडीला लावली आणि संध्याकाळी काढली. काका रोज यायचे आणि पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढायचे. मी काही बोलत नसे.

लोक म्हणतात, एवढं ताणायची गरज नव्हती. अण्णांना घरी जाऊन समजावलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. असेल. मला तसं गोड बोलता आलं नाही, आणि कार्यक्रमात पाहुण्याचा चारचौघांत पाणउतारा करण्यात मला थोडी मजा आली होती, हेही खरं. त्यापायी एक चांगला माणूस माझ्याशी बोलेनासा झाला, याचं मला वाईट वाटतं. पण चिठ्ठीवरच्या आकड्याचं वाईट वाटत नाही. आज पुन्हा तो गठ्ठा टेबलावर आला तर मी पुन्हा १३३च लिहीन, आणि यावेळी नोटिशीची वाट न बघता सभा बोलवा, असं मीच म्हणेन.

निवृत्तीनंतर मी त्याच वाचनालयाची साधी सभासद झाले. सभासदाला एक हक्क असतो, दारातल्या सूचना वहीत लिहिण्याचा. आणि त्या वहीतली प्रत्येक सूचना मासिक बैठकीत वाचून दाखवायचा नियम आहे. मी दर महिन्याच्या एक तारखेला जाते आणि लिहिते: 'अमुक क्रमांकाचं पुस्तक चुकीच्या वर्गात आहे, १३३ मध्ये हलवावे.' खाली सही, सभासद क्रमांक.

माझ्या जागी आलेल्या ग्रंथपालबाई हुशार आहेत. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम, तुमच्या सूचनेवरून दर बैठकीत वाद होतो, अर्धा तास जातो, सगळे वैतागलेत. तुम्ही थांबलात तर बरं होईल.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही विजेचं पान वाचलंत?"

त्या म्हणाल्या, "वाचलं. म्हणूनच सांगते, चिठ्ठ्या मला बदलता येत नाहीत. ठराव आहे." मग इकडेतिकडे बघून त्यांनी सूचना वही माझ्यापुढे सरकवली, आणि स्वतःचं पेन दिलं.

मी त्या महिन्याची सूचना लिहिली. नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात.